शून्याखालचा उजेड

१

पेटत्या दिव्यावर हात ठेवून सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. बरं, पेटता दिवा नाही. टेबलावर नऊ वॅटचा एक बल्ब पडलाय आणि तोही बंद आहे. पण शपथ ती शपथ. हां, एक गोष्ट तेवढी पदरची घातलीय. एकच. कुठली ते शेवटी सांगतो. आधी सांगितली तर तुम्ही चहा अर्धा टाकून उठाल.

लातुरात मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. पाण्याची रेल्वे आली होती त्या साली एका टाकीतून जिवंत मगर उतरली, ही बातमी माझीच. निम्म्या एमआयडीसीला ती अजून खरी वाटते. मी टपरीवर बसलो की लोक आपणहून स्टूल ओढतात. 'वैजनाथ, सोड एखादी,' म्हणतात. मी सोडतो. कुणाचं काही जात नाही.

कुणाचं काही जात नाही, असं मी वीस वर्षं समजत होतो.

पोट भरायला मी दिवे मोजतो. मोजायचो. डाळ मिलच्या मागच्या गल्लीत, जिथं तुरीचा फोल उडून खिडक्यांच्या जाळ्या पिवळ्या पडतात, तिथं राघवेंद्र साहेबांची लॅब आहे. कंपन्या दिवे पाठवतात. दिव्यानं किती उजेड दिला आणि त्या उजेडात कुठला रंग किती, हे आम्ही कागदावर काढून देतो. पांढरा उजेड नुसता पांढरा नसतो. यंत्र त्याची फोड करून पट्टी काढतं, निळं एवढं, पिवळं एवढं, लाल एवढं. माणसाला न दिसणारे रंगही पट्टीवर येतात.

हे होतं अंधाऱ्या खोलीतल्या एका गोळ्यात. दोन मीटरचा पोकळ गोळा, टरबुजासारखा दोन फाकांत उघडणारा. आतून इतका पांढरा की त्यात सावली पडत नाही. आत बोट लावायचं नाही. घामाचा डाग पडला तरी माप चुकतं. दिवा मधोमध टांगायचा, फाका मिटायच्या, यंत्र बघतं.

२

गोळ्याजवळ शेषेराव असायचे. रेणापूरहून रोज एसटीनं यायचे. वय पन्नाशीचं, कपाळाला अष्टगंध, खिशात स्वतःचं मऊ फडकं. चौदा वर्षं त्यांनी त्या गोळ्यात दिवे टांगले आणि आतल्या पांढऱ्याला एकदाही बोट लागलं नाही. मी बाहेर कॉम्प्युटरवर, मध्ये पातळ भिंत. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो.

मोजणीचा एक नियम आहे. दिवा लावायच्या आधी गोळा मिटून, सगळं बंद ठेवून, एक माप अंधाराचं घ्यायचं. यंत्राला रिकाम्या अंधारातही थोडंफार काहीतरी दिसत असतं. ते आधी टिपून ठेवायचं आणि मग दिव्याच्या मापातून वजा करायचं. उरतो तो खरा उजेड.

आमची पद्धत ठरलेली. मामा फाका मिटायचे, बोटाच्या पेरानं गोळ्यावर बाहेरून तीनदा वाजवायचे आणि हाक द्यायचे, "अंधार घेतला?"

मी बटण दाबून म्हणायचो, "घेतला."

दर दिव्याला एकदा. दिवसाला साठ-सत्तर वेळा. पहिली टकटक सकाळी नऊ चाळीसला, कारण एसटी सव्वानऊला यायची आणि मामांचं हातपाय धुणं, देवाचं नाव घेणं यात पंचवीस मिनिटं जायची. चौदा वर्षांत मी 'घेतला' किती वेळा म्हणालो असेन, हिशेब करा. झोपेत कुणी विचारलं तरी तोंडातून निघायचं. बायको हसायची.

३

कोरोनाच्या दुसऱ्या साली जंतू मारायच्या ट्यूब आल्या. जो तो बनवत होता, जो तो विकत होता, आणि सगळ्यांना तपासणीचा कागद कालच्या काल पाहिजे होता. या ट्यूबचा मुख्य रंग माणसाला दिसत नाही. पट्टीवर त्याची जागा दोनशे चौपन्न. जंतू मारणारा तोच. दिसतं ते नुसतं वरवरचं निळसर.

ट्यूब पेटल्यावर पंधरा मिनिटं तापावी लागते, तोवर माप स्थिर येत नाही. म्हणून खोलीत मागे रॅक केला आणि आठ-आठ ट्यूब आधीच तापत ठेवल्या. दाराला एक स्विच होता. दार उघडलं की रॅक बंद, म्हणजे आत जाणाऱ्याच्या डोळ्याला धोका नाही. पण रॅक बंद झाला की ट्यूब गार. परत पंधरा मिनिटं.

त्याच दिवसांत मोजणी आपोआप व्हावी म्हणून मी प्रोग्रॅम लिहीत होतो. माणसानं फक्त ट्यूब बदलायची, बाकी सगळं यंत्र करणार. आणि यंत्र दर वेळी त्या दारापाशी अडायचं.

एका दुपारी साहेबांनी स्विचच्या दोन स्क्रूंमध्ये तार लावली. तांब्याची, बोटभर. आता दार उघडो की मिटो, रॅक चालूच. मी बघितलं आणि गप बसलो. माझा गुन्हा असेल तर एवढाच.

मामांना कुणी सांगितलं नाही.

"वैजनाथ, मागं निळं निळं दिसायलंय ते काय रे?" तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"काय न्हाई मामा. दाराला स्विच हाय की. तुम्ही आत गेलात की बंद."

"पण दिसायलंय की."

"डोळ्यात राहिलेला उजेड असंल."

ते हसले. माझ्यावर विश्वास होता त्यांचा. मगर सोडून.

४

संध्याकाळी डोळ्यांत वाळू पडल्यासारखं व्हायचं त्यांना. सकाळी जरा बरं वाटायचं, की परत आत. बावीस दिवस. पुढे डोळे पिकले. गावातल्या कुणीतरी दिलेलं औषध घातलं, मग नांदेडचा दवाखाना, आणि मग दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. बुबुळावर पांढरा ठिपका पडतो ना, तसं. ठिपका पसरत गेला.

बाविसाव्या, शेवटच्या दिवशीही ते कामावर आले होते. चाचपडत. गोळ्याच्या फाका पुऱ्या मिटल्यात की नाही हेसुद्धा त्यांना दिसत नव्हतं. अर्धं अंग आत, ओणवलेले, तसंच त्यांनी तीनदा वाजवलं.

"अंधार घेतला?"

"घेतला," मी म्हणालो आणि बटण दाबलं.

त्यानंतर त्यांना कायमचं घरी बसवलं. लॅबनं अपघाताचा कागद केला. कामगाराने वेळ वाचवण्यासाठी दाराच्या स्विचला स्वतः तार लावली. गॉगल दिलेला असताना वापरला नाही. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. माझ्या गोष्टींवर निम्म्याच लोकांनी विश्वास ठेवला असेल, तो कागद मात्र सगळ्यांनी मानला. चौकशीला आलेल्या माणसानं दोन मिनिटांत वाचून खिशात पेन ठेवलं.

गॉगल पुढच्या आठवड्यात आले.

प्रोग्रॅम मात्र झकास झाला. मामांच्या जागी मोटर आणली, बारा दिव्यांचं चक्र आणलं. सकाळी दिवे लावून निघायचं, दुपारी बारा कागद तयार. वेळ वाचवायला मी आणखी एक केलं. दर दिव्याआधी अंधार घेणं काढून टाकलं. एकदा घेतलेला अंधार फाइलमध्ये होताच, तोच प्रत्येकातून वजा करायचा. शेवटची फाइल उचलली. मामांच्या शेवटच्या दिवसाची.

साहेबांनी पेढे वाटले.

५

तीन वर्षं सुरळीत गेली. मग अभ्यासिकांचे दिवे आले. क्लासच्या पोरांना रात्रभर वाचायला लागतात ते टेबलदिवे, साधे, पांढरे. मी सहज पट्टी मोठी करून बघितली आणि एका जागी थांबलो.

दोनशे चौपन्नवर उजेड शून्याच्या खाली होता.

बघा, उजेड असेल तर रेघ वर जाईल. नसेल तर शून्यावर लोळेल. खाली कशी जाईल? उजेड नाही याच्याहून कमी काय असतं? सगळ्या दिव्यांना तीच खूण होती, सुईच्या टोकाएवढी खाली टोचलेली. मागच्या तीन वर्षांचे कागद काढले. प्रत्येकात. गावोगावच्या रस्त्यांचे दिवे, शाळांचे, देवळांचे.

मी काही भोळा नाही. हे का होतं ते मला पाच मिनिटांत कळलं. वजा करायच्या फाइलमध्येच तिथं काहीतरी होतं. त्या दिवशी फाका पुऱ्या मिटल्या नव्हत्या, मागच्या रॅकचा उजेड आत शिरला असणार. माझी चूक, साधी, बावळट चूक.

पण त्या फटीतून दुसरंही काहीतरी टिपलं गेलं होतं. अर्धं अंग आत असलेला माणूस. तीन वर्षं मी लातूर-नांदेडच्या प्रत्येक दिव्यातून शेषेराव मामांना वजा करत होतो.

हा विचार मी हसण्यावारी नेला. टपरीवर सांगितलासुद्धा. लोकांनी टाळ्या दिल्या.

६

उपाय सोपा होता. नवा अंधार घ्यायचा. रॅक कधीचाच भंगारात गेला होता. दोनशे चौपन्न देणारी एकही वस्तू लॅबमध्ये उरली नव्हती. मी प्रोग्रॅम बदलला, रोज सकाळी पहिलं काम अंधाराचं माप. वेळ टाकली नऊ चाळीस. का? सवय.

पहिल्या दिवशी रेघ सपाट यायला हवी होती. आली नाही. दोनशे चौपन्नवर टोक होतं. बारीक, पण वर.

फटी काळ्या टेपनं बंद केल्या. मोबाइल बाहेर ठेवला. चार्जरचा हिरवा ठिपका झाकला. केबल बदलली. यंत्र गरम झालं असेल म्हणून पंखा लावला. दुसऱ्या दिवशी टोक जरा उंच. तिसऱ्या दिवशी आणखी. रोज थोडं थोडं, जसं कुणी घाई न करता चढतंय.

पाचव्या दिवशी मी भिंतीला कान लावून बसलो. बाहेर डाळ मिलचा भोंगा झाला, ऑटोवाला हॉर्न देत गेला, आणि घड्याळात नऊ चाळीस झाले.

टक. टक. टक.

गोळ्यावरून. मोटरचा आवाज मला माहीत आहे, पत्रा तापल्याचाही. हे पेर होतं. आणि एक गोष्ट मला नीट कळली, कारण चौदा वर्षं मी तो आवाज ऐकला होता. बाहेरून वाजवलं की गोळा खोल वाजतो. हा आवाज बसका होता. आतून वाजवल्यासारखा.

७

त्या रविवारी मी रेणापूरची एसटी धरली. का गेलो? वाटलं, म्हातारा गेला असेल आणि आपल्याला कुणी कळवलं नसेल. खोटं कशाला बोलू, गेला असावा असंच मला वाटत होतं. मग निदान अर्थ तरी लागला असता.

दारात केवळाबाई, मामांची बायको, सोयाबीन निवडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं.

"या. तीन सालानं वाट घावली व्हय लॅबवाल्यांला?"

"मामा कसे हायेत?"

"बगा की. लिंबाखाली हायेत. जेवतेत, झोपतेत. सकाळी तेवढं येड लागल्यावानी करतेत. नऊ चाळीस झाले की त्यो पत्र्याचा डबा जवळ वढतेत अन् तीनदा वाजवतेत. घड्याळ न्हाई, काय न्हाई. आवं, दिसत न्हाई तर टाइम कसा कळायलाय, मला सांगा."

मी लिंबाकडं चालू लागलो. कडक ऊन होतं.

मामा बाजेवर बसले होते. अष्टगंध तसंच. डोळे उघडे आणि दोन्ही पांढरे, गोळ्याच्या आतल्यासारखे.

"वैजनाथ," मी बोलायच्या आधीच ते म्हणाले. "डावा पाय घासतोस अजून. बस."

"मामा, डबा कशाला वाजवता?"

"ड्यूटी हाय बाबा. अंधार घ्यावा लागतो." ते हसले. "माझ्याकडं ढीगभर हाय. म्हनलं, तुम्हाला कमी पडायला नगं."

मग हसू गेलं.

"मला डोळं नगंत. ती गेली. चौदा साल त्या पांढऱ्याला माझं बोट लागलं न्हाई, अन् गावात म्हंतेत, शेषेरावनं आळसापायी तार लावली अन् डोळं घालवून घेतलं. ल्हान लेकरं म्हंतेत. त्यो कागद बदल. तार कुणी लावली ते खरं लिहून दे. केवळा पारावर हुबी राहून वाचंल. मोठ्यानं."

"देतो की मामा."

"लावली कुणी?"

"साहेबांनी."

मागं परत पाखडायला लागलेलं केवळाबाईचं सूप थांबलं. "सायेब तर तवा नांदेडला दवाखान्यात हुते म्हणं. महिनाभर. आक्सिजनवर."

"मध्ये एक दिवस आले होते, मामी."

मामांनी डब्यावर हात ठेवला. "परत सांग."

"साहेबांनी लावली, मामा."

त्यांनी माझ्याकडं तोंड केलं. बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत. आणि शांतपणे म्हणाले,

"घेतला."

मला तेव्हा कळलं नाही. चपला घालताना पाठीमागून एवढंच ऐकू आलं, "मला घाई न्हाई. रोज थोडं थोडं घेईन."

८

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी गोळा उघडायचं ठरवलं. साहेब जेवायला गेले होते, बाकी कुणी नव्हतं. खोलीचा मेन स्विच मी स्वतःच्या हातानं पाडला. चक्रावर एकही दिवा नव्हता. फक्त बाहेरचा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं मोजायचं यंत्र यूपीएसवर चालू होतं. हे सगळं मी दोनदा तपासलं, आणि सांगताना मी मगरवाला वैजनाथ नाही, एवढं ध्यानात ठेवा.

बॅटरीच्या उजेडात फाका उघडल्या. आतला पांढरा स्वच्छ होता, फक्त छातीच्या उंचीवर तीन डाग होते. करडे, वाटोळे, शेजारी शेजारी. पेराएवढे.

आतल्या बाजूनं.

मी फाका परत मिटल्या. पळून जायला हवं होतं. पण माणसाची बुद्धी फार आगाऊ असते. ती म्हणाली, मोटर बसवणाऱ्यांनी हात लावला असेल, एवढं काय. बघण्यापुरती एक वाटोळी खिडकी आहे गोळ्याला, बशीएवढी. मी बॅटरी विझवली आणि तिला डोळे लावले. आत काळंकुट्ट असायला पाहिजे होतं.

आत निळं निळं होतं. अगदी फिकट. मला वाटलं, डोळ्यात राहिलेला उजेड असेल.

मग त्या निळ्यात पांढऱ्याहून पांढरे दोन ठिपके दिसले. शेजारी शेजारी. ते खाली होते, जमिनीकडं, ओणवलेल्या माणसाचे असतात तसे. हळूहळू वर आले आणि खिडकीकडं वळले.

"अंधार घेतला?"

गोळ्यात आवाज इतका घुमतो की तो कुणाचा, कुठून, काही कळत नाही. माझ्याच घशातून आल्यासारखा वाटला. आणि मी, हे मला आजही पटत नाही, मी चौदा वर्षांच्या सवयीनं म्हणालो,

"घेतला."

किती वेळ तिथं चिकटून होतो, माहीत नाही. साहेबांनी बाहेरून हाक मारली तेव्हा मान हलली.

९

संध्याकाळी डोळ्यांत वाळू पडली.

नांदेडच्या डॉक्टरांनी बॅटरी टाकून बघितलं. "वेल्डिंग बघितलंत का उघड्या डोळ्यांनी?"

"नाही."

"जंतू मारायची ट्यूब वगैरे?"

"आता नसते तसलं काही आमच्याकडं."

"मग कसा भाजला हो हा डोळा?"

लॅबमध्ये जाऊन फाइल बघितली. त्या दुपारी यंत्रानं आपणहून एक माप घेतलं होतं. नाव, अंधार. बारा वाजून दहा मिनिटं ते बारा पंचवीस. तापायला लागतात तेवढी पंधरा मिनिटं. दोनशे चौपन्नचं टोक कागदाच्या वर निघून गेलं होतं.

मी प्रोग्रॅम पुसला. यंत्राची वायर काढली. नोकरी सोडली. तरी रोज सकाळी, इथं घरात, आधी तीन टकटक आणि मग वाळू. एक दिवस मी मुलीला म्हणालो, "शिवांगी, वरच्या मजल्यावरच्यांना सांग गं, सकाळी काय ठोकतात रोज."

ती माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "बाबा, तुम्हीच वाजवता. तांदळाच्या डब्यावर. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

१०

उजव्या डोळ्यात फूल पडलंय. डाव्यानं शिवांगीचा आकार दिसतो, चेहरा नाही. मी सांगतोय, ती टाइप करतेय.

ही गोष्ट मी याआधी तीनदा सांगितली. डॉक्टरांना, टपरीवर, आणि एकदा साहेबांना, थोडी बदलून. दर वेळी वाटलं, आता मोकळा झालो. दर वेळी दुसऱ्या सकाळी फूल गव्हाच्या दाण्याएवढं वाढलं. गोष्टीतलं काय खोटं ते म्हाताऱ्याला तिथं रेणापुरात बसून कळतं.

तेव्हा आता कबूल केल्याप्रमाणे सांगतो. तुम्ही म्हणत असाल, आतून वाजवणं खोटं. नाही. ते दोन ठिपके? नाही. डबा? शिवांगीला विचारा. मगर खोटी होती, पण ती तुम्हाला आधीच सांगितलीय.

साहेब त्या महिन्यात एकदाही लॅबला आले नाहीत. नांदेडला नळ्या लावून पडले होते. दाराला स्विच आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या माघारी लॅब माझ्याकडं होती. प्रोग्रॅम माझा होता, तो दारापाशी अडायचा आणि मला त्याचा राग यायचा. तांब्याची तार माझ्या खणातली. अपघाताचा कागदही मीच लिहिला, एका बैठकीत, खाडाखोड न करता. माझी सगळ्यांत चांगली जमलेली थाप तीच. डोळ्यात राहिलेला उजेड, हे वाक्यसुद्धा मलाच सुचलं होतं. बोलून झाल्यावर मला ते आवडलं होतं.

शिवांगी, थांबू नको. लिही. मला माहीत आहे तू माझ्याकडं बघतेयस. हा कागद आजच्या एसटीनं रेणापूरला जाऊ दे, केवळाबाईच्या हातात. पारावर वाचायचा, मोठ्यानं, लहान लेकरांनाही ऐकू जाईल असा.

किती वाजले? नऊ एकोणचाळीस. माझे दोन्ही हात मांडीवर आहेत, बघ, डब्यावर नाहीत.

तार मी लावली, मामा. शेषेरावनं नाही, साहेबांनी नाही. मी, वैजनाथनं.

घेतला?